शिवणीच्या बैठकीवरची काच

बायको साळूबाई गेली त्याला सात वर्षं होऊन गेली होती, आणि त्या सात वर्षांत कोंडाजीच्या घराच्या भिंतीला पांढरी माती लागली नव्हती. जमीन शेणाने सारवली जायची, तीसुद्धा शेजारणीला दया आली तर. घरात एक चूल, एक कणगी, दोन घोंगड्या आणि खुंटीवर टांगलेला कंदील. मुलगा महिपत मुंबईला गिरणीत होता. तो शिमग्याला यायचा, आठ दिवस राहायचा आणि परत जायचा.

वरचा कोंड म्हणजे पोलादपूर सोडून घाटाची वाट धरली की डाव्या अंगाला डोंगराच्या पोटात बसलेली वीस-बावीस घरं. कोंडाजी पिढ्यान् पिढ्यांचा शेतकरी, उतारावर नाचणी-वरी पिकवणारा. पण हात मात्र सुताराचा. नांगर मोडला, जू भंगलं, पाळण्याचा पाय निखळला की लोक त्याच्याच अंगणात यायचे. तो कमी बोलायचा आणि लाकडाशी जास्त बोलायचा, असं बायका हसून म्हणत.

त्या वर्षीच्या वैशाखात महिपतचं लग्न झालं आणि रखमा या घरात आली. तिचा बाप मूळचा नाते गावाकडचा, पण महाडात चवदार तळ्याजवळच्या आळीत बिऱ्हाड करून राहिलेला. दवाखान्यात बाटल्या धुण्याचं काम करायचा. मुलगी बाजारपेठेच्या गावात वाढलेली. डोंगरावर टिकते की नाही, याची कोंडाजीला धास्ती होती. महिपत लग्नानंतर पंधरा दिवसांत मुंबईला गेला. मग पावसाळाभर घरात सासरा आणि सून, दोघंच. ती चिखलात लावणीला उतरली, डोक्यावर इरलं घेऊन नाचणी लावली, आणि कधी कुरकुर केली नाही. कोंडाजीने ते बघितलं.

दिवाळीच्या आधी लाकडाची मोळी घेऊन रखमा पोलादपूरला गेली. तिथे रस्त्याच्या कडेला साहेबलोकांचा उतरण्याचा बंगला होता. दासगावच्या बंदरात बोटीतून उतरलेले साहेब महाबळेश्वरला चढण्याआधी तिथे मुक्काम करत; अलीकडे मोटारीही थांबायला लागल्या होत्या. मुरारी चौकीदाराने मोळी उतरवून घेतली आणि मागच्या बाजूला ठेवायला सांगितली. मागे एक घळ होती. त्या घळीत इतक्या वर्षांच्या रिकाम्या बाटल्या फेकलेल्या होत्या. हिरव्या, तपकिरी, पांढऱ्या, आणि औषधाच्या म्हणून असतील, गडद निळ्या. काही फुटलेल्या, काही गळ्याशी तुटलेल्या. वरून ऊन पडलं होतं.

रखमा बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग तिने विचारलं, "मुरारीदादा, ह्यातल्या नेल्या तर चालतील?"

"नेशील तितक्या ने," मुरारी म्हणाला. "पण करशील काय त्यांचं?"

"बघू," ती म्हणाली, आणि टोपली भरून, वर पाला टाकून ती डोंगर चढली.

अंगणात कोंडाजी नांगराचा दांडा तासत होता. टोपलीतून खळखळ ऐकून त्याने मान वर केली.

"काय गो हे?"

"बाटल्या, मामंजी."

"दारूच्या हायत."

"होत्या. आता रिकाम्या हायत."

कोंडाजीने पुन्हा वाकस उचलला. त्याला ते आवडलं नव्हतं, पण सुनेला तोडून बोलायची त्याला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी रखमाने मागच्या पडवीत घंगाळभर गार पाणी ठेवलं. सुती दोरा घासलेटात भिजवून एका हिरव्या बाटलीच्या पोटाला तीन वेढे दिले आणि काडी लावली. जाळ बाटलीभोवती गोल फिरला. ती गळा धरून बाटली हळूहळू फिरवत राहिली, आणि जाळ विझायला आला तशी बाटली पाण्यात बुडवली. कट्‌ असा आवाज आला. बाटली दुभंगली खरी, पण वाकडी, उभी भेग पडून. दुसरीही तशीच गेली. तिसरीचे तर चार तुकडे झाले. कोंडाजी अंगणातून हे डोळ्याच्या कोपऱ्याने बघत होता. चौथ्या बाटलीला तिने दोरा आणखी घट्ट बांधला, जाळ थोडा जास्त वेळ राहू दिला. या वेळी आवाज बारीक आला, आणि बाटलीचा तळ वरच्या भागापासून असा सुटून आला, जसा पिकलेल्या फणसातून गरा.

"हे कुठं शिकलीस?" कोंडाजीने न राहवून विचारलं.

"बा दवाखान्यात होता ना. गळा फुटलेल्या बाटल्या कंपौंडर अशाच कापायचे, औषध मापायला. मी बघत बसायची."

पण कापलेली काच म्हणजे वाटी नव्हे. तिची कड सुरीसारखी होती. रखमाने नदीतली बारीक वाळू आणली, काळ्या दगडावर पाणी शिंपडून वाळू पसरली आणि काच उपडी धरून गोल गोल घासायला लागली. शेतातलं काम उरकलं की ती घासायला बसे. चार दिवस लागले. बोटं कापली, त्यांना हळद लावून चिंधी बांधली आणि पुन्हा घासलं. पाचव्या दिवशी तिने कडेवरून अंगठा फिरवला आणि वाटी सासऱ्यापुढे धरली. कोंडाजीने आपला खरबरीत अंगठा फिरवून बघितला. शिंगासारखी गुळगुळीत कड होती. त्याने आयुष्यभर लाकूड घासलं होतं. चार दिवस एकाच वस्तूवर हात चालवत राहणं म्हणजे काय, हे वरच्या कोंडावर त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्याने वाटी परत दिली आणि नुसती मान हलवली.

रखमाने ती देवाजवळच्या कोनाड्यात ठेवली, झेंडूचं फूल घालून. पण कोनाड्याचा तळ मातीचा, उंचसखल. दोन दिवसांनी वाटी कलंडली आणि कडेचा कपचा उडाला. तिने कड पुन्हा घासायला घेतली.

त्या संध्याकाळी कोंडाजीने जूचं उरलेलं शिवणीचं लाकूड शोधून काढलं. शिवण हलकी, पिवळसर, हाताला मऊ. चिरत नाही, वाकत नाही. वाटीचा तळ त्याने लाकडावर ठेवून खडूने गोल आखला, पटाशीने बरोबर तेवढी खोबण कोरली आणि खाली तीन ठेंगणे पाय ठेवले. सकाळी खरवताच्या खरखरीत पानांनी घासून त्यावर करंजेल चोळलं आणि ती बैठक चुलीजवळ ठेवून तो रानात निघून गेला.

दुपारी परत आला तेव्हा वाटी त्या बैठकीवर बसलेली होती. काच आणि लाकूड यांच्यामधून नखसुद्धा गेलं नसतं. रखमा तिच्यासमोर उकिडवी बसून बघत होती.

"मामंजी," ती म्हणाली, "ही आता वाटी झाली."

तिथून पुढे दोघांना वेडच लागलं म्हणायचं. सून काच कापायची, सासरा बैठक करायचा. हिरव्या काचेला त्याने पिवळी शिवण दिली, पांढऱ्या काचेला काळपट सिसम, तपकिरीला फणसाचं सोनेरी लाकूड. बैठक ढिली वाटली तर राळ आणि मेण एकत्र वितळवून खोबणीत ओतायचं. फुटक्या बाटल्यांचे तुकडेही रखमा टाकत नसे. घासून बोथट करून एका मडक्यात साठवायची. तिने भिंतींना पांढरी माती दिली, कोनाड्यांच्या कडा गेरूने रेखल्या आणि एकेका कोनाड्यात एकेक वाटी बसवली. एकीत तांदूळ, एकीत वाती, एकीत नुसतं पाणी आणि त्यावर तरंगणारं एक फूल. दार पूर्वेचं होतं. सकाळचं ऊन आत शिरलं की समोरच्या भिंतीवर हिरवे-निळे कवडसे पडत आणि सारवलेल्या जमिनीवरून हळूहळू सरकत चुलीपर्यंत जात. कोंडाजी न्याहारीची भाकरी पूर्वी अंगणात बसून खायचा. आता तो आत बसू लागला.

एके दिवशी परसातलं गवत काढताना रखमाला भिंतीला टेकवून ठेवलेलं एक जुनं उखळ दिसलं. मधोमध चिरलेलं, एका बाजूने वाळवी लागलेलं.

"हे साळूआत्यांचं का?" तिने विचारलं.

"होय."

"तुमी जळणात नाय घातलंत."

कोंडाजीने उपटलेलं गवत गोळा करायला घेतलं. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "वाळवी वरूनच हाय. आतलं लाकूड चांगलं असंल. तुमची मर्जी असली तरच."

आठ दिवस त्याने उखळाला हात लावला नाही. नवव्या दिवशी वाळवी लागलेला भाग तासून टाकला. आतलं लाकूड खरंच घट्ट होतं, आणि वर्षानुवर्षं मुसळ बसून त्याचा तळ असा गुळगुळीत झाला होता की त्याला पटाशी लावायची गरजच पडली नाही. कोंडाजीने चीर राळेने बुजवली, बाहेरून कोरून त्याचं एक रुंद, उथळ वाडगं केलं, कडेला खाचा पाडल्या, आणि त्यात रखमाने मडक्यातले निळे तुकडे राळेने बसवले. ते वाडगं दारासमोरच्या भिंतीशी ठेवलं. आत काही घातलं नाही. साळूबाईच्या हाताने झिजलेला तळ तसाच दिसू दिला.

बायका बघायला येऊ लागल्या. दारातून डोकावत, मग आत येत, मग हात लावून बघत. मात्र एक गोष्ट कोंडाजीच्या लक्षात आली. कोनाडे भरले तरी वाट्या वाढत नव्हत्या. आज केलेली वाटी चार दिवसांनी दिसत नसे. फुटल्या असतील असं समजून तो नवी बैठक करायला बसे. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

फाल्गुन लागला आणि मुंबईकर गावात यायला लागले. महिपत होळीच्या दोन दिवस आधी आला. ट्रंक डोक्यावरून उतरवून तो दारात आला आणि तिथेच थांबला, जणू चुकून दुसऱ्याच्या घरात आला होता. कोनाडे, कवडसे, ते वाडगं, सगळं त्याने बघितलं. "हे कुणी आणलं?" त्याने विचारलं.

"आणलं नाय," कोंडाजी म्हणाला. "तुझ्या बायकोनं केलं."

"आणि मामंजींनी," रखमा आतून म्हणाली.

महिपत ट्रंकेपाशी बसला, पण ट्रंक उघडेना. रखमाने विचारल्यावर त्याने ओशाळून एक पुडकं काढलं. "फोर्टात घेतली. जपानी माल हाय, एकदम फॅन्सी. पण आता हिचं काय..." आत नक्षीची एक गुलाबी फुलदाणी होती. घरातल्या वस्तूंपुढे ती अगदी पोरकी दिसत होती. रखमाने ती दोन्ही हातांनी घेतली आणि देवाजवळच्या कोनाड्यातली पहिली हिरवी वाटी सरकवून तिथे ठेवली.

होळी झाली. तिसऱ्या दिवशी गावदेवी सोमजाईची पालखी घरोघर निघायची होती. आदल्या दुपारी पुरुष सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या दगडी ओट्यावर, जमले होते. गावचा मान मालोजीकडे. पालखी पहिली त्याच्या अंगणात जायची आणि पुढची वाटही तोच ठरवायचा. मालोजी सरळ माणूस होता, पण दारूचं नाव काढलं की त्याचा चेहरा दगड व्हायचा. त्याचा धाकटा भाऊ दारूपायी तिशीतच गेला होता.

"कोंडाजी," तो म्हणाला, "तुझ्या घरात साहेबाच्या दारूच्या बाटल्या मांडल्यात, असं ऐकतो."

"बाटल्या नायत. वाट्या हायत."

"काच तीच ना?"

"काच तीच."

"मग देवी त्या घरात कशी न्यायची, तूच सांग. माझ्या भावाला मी ह्या खांद्यावर नेलाय."

मालोजीचं दुःख खोटं नव्हतं, हे कोंडाजीला ठाऊक होतं. तो उठून घरी आला आणि रखमाला सगळं सांगितलं. महिपत संतापला. रखमा मात्र शांतपणे उठली आणि कोनाड्याकडे गेली.

"उतरवून ठेवते, मामंजी. सणाचा दिवस हाय. नंतर बघू."

"हात लावू नको," कोंडाजी म्हणाला.

ती वळली.

"मी ऐन तोडलाय, साग तोडलाय, आयुष्य लाकडात गेलं," तो म्हणाला. "तुझ्यासारखा हात मी बघितला नाय. चिखलात पडलेली वस्तू तू देवाजवळ बसण्याजोगी केलीस. देवी नाय आली तर नाय. वाट्या उतरायच्या नायत."

रखमाने तोंडाला पदर लावला. महिपत बापाकडे बघतच राहिला. एवढं लांब बोलणं त्याने बापाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

सकाळी ढोल वाजले. पालखीच्या दांडीला खांदा देण्याचा मान कोंडाजीच्या घराण्याकडे होता, म्हणून तो गेला. घरी पालखी येणार नसली तरी मान सोडायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं. पालखी मालोजीच्या अंगणात आली. मालोजीची बायको येसूबाई ओवाळायला पुढे आली, आणि दांडीखाली वाकलेल्या कोंडाजीने तिच्या हातातलं ताट बघितलं.

ताटात निरांजन होतं, नारळ होता, आणि हळदकुंकवासाठी तपकिरी काचेच्या दोन वाट्या होत्या, फणसाच्या बैठकीवर बसलेल्या. डावीच्या पायाला एक गाठ होती. ती गाठ कोंडाजीने कुठेही ओळखली असती.

मालोजीनेही बघितलं आणि कुंकवाच्या वाटीकडे बोट केलं. "ही काय?"

"रखमानं दिली," येसूबाई म्हणाली. "मीच मागितली, तपकिरीच दे म्हणून. दोन महिने ह्याच वाटीतलं गंध तुमच्या कपाळाला लागतंय."

"तुला ठाऊक हाय, ही बाटली कसली होती?"

"ठाऊक हाय म्हणून तर मागितली. ह्या बाटलीनं आपल्या घरातलं माणूस खाल्लं. आज तिच्यात मी देवीचं कुंकू ठेवलंय. मला तर बरं वाटतं. तुमाला नाय चालत तर पालखी इथूनच माघारी न्या."

ढोलवाले थांबले होते. पांडू गुरव, जो पालखीपुढे चवरी घेऊन चालायचा, हलक्या आवाजात म्हणाला, "मालोजीबाबा, देवी खांद्यावर हाय. ताटकळत ठेवू नये."

मालोजी बराच वेळ त्या वाटीकडे बघत राहिला. काचेतून निरांजनाची ज्योत दिसत होती. मग त्याने बोट पुढे केलं, कुंकू घेतलं आणि स्वतःच्या कपाळाला लावलं. "वाजवा," तो ढोलवाल्यांना म्हणाला.

दुसऱ्या अंगणात रंगूबाई निळी वाटी घेऊन उभी होती. तिसऱ्या घरात म्हातारी चंद्राबाई. तिच्या ताटात कडेला कपचा उडालेली पांढरी वाटी, सिसमाच्या बैठकीवर. पालखी घरामागून घर फिरत होती आणि कोंडाजीला आपल्या हातच्या बैठका भेटत होत्या. जिला तो फुटलेली समजला होता ती इथे तांदळाने भरलेली, जी हरवली होती ती तिथे फुलांनी. चौदा घरांत त्याने मोजल्या. सून न सांगता सगळा कोंड सजवून बसली होती, आणि लाकडं तासताना त्याला त्याचा पत्ताही लागला नव्हता. दांडीखाली त्याचा खांदा दुखत होता, तरी त्याला हसू आवरेना.

मग पालखी त्याच्या अंगणात आली. रखमाने ओवाळलं. पालखी नाचवून झाल्यावर मालोजी दारात चप्पल काढून आत गेला. त्याने एकेक कोनाडा बघितला. भिंतीशी ठेवलेल्या वाडग्यापाशी तो वाकला, आतल्या झिजलेल्या तळावर हात ठेवला.

"हे उखळ होतं?"

"साळूचं," कोंडाजी म्हणाला.

"तिच्या हातचे पोहे मी खाल्लेत," मालोजी म्हणाला. आणि पांडूकडून प्रसादाची मूठभर साखर घेऊन त्याने ती त्या वाडग्यात ठेवली.

शिमगा संपला, महिपत बोट धरायला दासगावला गेला. पुढे मुरारी चौकीदार बाटल्या घळीत फेकण्याऐवजी बंगल्याच्या मागच्या ओट्यावर ओळीने ठेवू लागला, आणि रखमाबरोबर दर बाजाराला चार-पाच बायका टोपल्या घेऊन उतरू लागल्या. तिने सगळ्यांना दोरा बांधायला शिकवलं. येसूबाईच्या पहिल्या पाच बाटल्या फुटल्या. सहावी सुटली तेव्हा ती पोरीसारखी हसली. बैठकांचं काम इतकं वाढलं की कोंडाजीने दोन तरण्या पुरुषांच्या हातात पटाशी दिली आणि त्यांचं काम दोन-दोनदा परत करायला लावलं.

चैत्रातल्या एका सकाळी रखमा पश्चिमेच्या भिंतीपाशी उभी होती. हातात बाटल्यांचे कापलेले तळ होते, एकावर एक रचलेले. वरच्या कोंडावरच्या कुठल्याही घराला खिडकी नव्हती.

"मामंजी," ती म्हणाली, "भिंतीला भोक पाडून हे तळ मातीत बसवले, तर दुपारचा उजेडपण आत येईल. भिंत पडणार नाय ना?"

कोंडाजीने भिंतीवर मूठ आपटून बघितली, कान लावून ऐकलं. मग कोपऱ्यातली पहार उचलली.

"कुठं पायजे, तिथं हात ठेव," तो म्हणाला.